पायऱ्या सांग

१

नऊ नंबरची लाइन तुटली नाही.

एवढंच. यात घाबरण्यासारखं काही नाही, हे मलाही कळतं. बाकीच्या तेरा लाइनी दर साडेतीनशे सेकंदांनी तुटत होत्या, आणि त्या का तुटतात हे शोधायचाच मला पगार होता. तुटलेल्या गोष्टीची मला भीती वाटत नाही. तिला कारण असतं.

आमची कंपनी बेलापूरची, लहानशी. मी काम घरूनच करते, खाडीकाठच्या आमच्या गावातून, आईच्या शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून. गावोगावच्या बांधांवर आम्ही पेट्या बसवतो. पाणी आत-बाहेर सोडायला बांधाच्या पोटात दारं असतात, त्यांना आमच्याकडे उघाडी म्हणतात. प्रत्येक गावाच्या मोठ्या उघाडीवर एक पेटी. भरतीचं पाणी लाल खुणेवर चढलं की पेटी बेलापूरच्या सर्व्हरला कळवते, सर्व्हर गावातल्या देवळावरचा भोंगा वाजवतो, आणि गाव फावडी घेऊन बांधाकडे पळतं. पाणी खुणेच्या खाली असेल तर पेटी गप्प. दिवसच्या दिवस गप्प.

घोळ त्या गप्प बसण्यात होता. पेटी आणि सर्व्हर एकमेकांशी थेट बोलतच नाहीत. मध्ये लोड बॅलन्सर असतो. तो सगळ्या पेट्यांच्या लाइनी आपल्या हातात घेतो आणि मागच्या सर्व्हरांना वाटून देतो. साडेतीनशे सेकंद कोणी बोललं नाही तर हा मधला लाइन सोडून देतो, आणि सोडली असं कोणालाच सांगत नाही. पेटीला वाटतं सर्व्हर ऐकतोय. सर्व्हरला वाटतं पेटी आहे. मग ऐन वेळेला पेटी बोलायला जाते तेव्हा पलीकडे कोणी नसतं. नवी लाइन जोडायला कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. उधाणाच्या भरतीत अर्ध्या तासात बांधाला खांड पडते, आणि एकदा खारं पाणी शिरलं की ते शेत तीन वर्षं भात देत नाही.

नऊ नंबर म्हणजे आमच्याच गावची मोठी उघाडी. तिच्यावर माझा मामा राखणदार. चार दिवस ती पेटी एक अक्षर बोलली नव्हती, तरी तिची लाइन जोडलेलीच होती. साडेतीनशे सेकंद होत आले की मी श्वास धरून बघायचे. तीनशे एकोणपन्नास. तीनशे पन्नास. पुन्हा शून्य. जणू मध्ये कोणीतरी खाकरलं.

मी माझ्या साहेबांना, विहंग सरांना, फोन लावला.

"म्हणजे चालू आहे," ते म्हणाले.

"हो, पण ती चालू असायला नको."

"कल्पिता, तेरा बंद पडतात त्याचं बोल. चालू आहे त्याची तक्रार करणारी तू पहिलीच."

मागे कोणीतरी हसलं. माझा कान तापला. मला घाबरट म्हणतात ऑफिसात, मला माहीत आहे. एकदा मीटिंगमध्ये आईच्या कुकरची शिट्टी झाली आणि मी किंचाळले होते. त्या दिवसापासून मी काहीही सांगितलं की त्यांना ती शिट्टीच ऐकू येते.

२

मामा दुपारी जेवायला आमच्याकडेच येतो. भागोजी त्याचं नाव. बायको गेली, मूलबाळ नाही, तीस वर्षं बांधावर. मी त्याला भाकरी वाढता वाढता सगळा प्रकार सांगितला. माझ्यावर न हसता ऐकणारा तो एकटाच. म्हणजे हसतो, पण ऐकून झाल्यावर.

"मंजे आमच्या हाळीसारखाच झाला की गो," तो म्हणाला.

"कसली हाळी?"

"मी मोठे उघाडीवर, नामा लहान उघाडीवर. मधी अर्धा मैल बांध, तो पन तिवरांच्या आडून वळलेला. एकमेकाला दिसाचा न्हाय. मंग विडी संपली का हाळी द्याची. नामाऽऽ. तो बोलाचा, सात. मंजे त्याच्या उघाडीच्या खालच्या सात पायऱ्या पान्याखाली. मंग तो हाळी द्याचा, मी माझ्या पायऱ्या सांगाचा. जवाब न्हाय आला तर हातातला टाकून पलाचा."

"नुसतं 'हाय' म्हटलं तर?"

"हाय बोलून भागत न्हाय. पायऱ्या सांगाय लागतात."

"का पण?"

त्याने सुकटातली मिरची बाजूला काढून ठेवली. "हाय कोन पन बोलतंय."

तेवढ्यात मोरीत तांब्या पडला आणि मी पाटावरून उडाले. मामा हसला. "कल्पे, तू तर पापड मोडला तरी उडतंस."

पण मी विचारायची थांबले नाही. पेटी बसल्यावर गावाने दुसऱ्या राखणदाराचा पगार बंद केला होता. नामाकाका पनवेलला मुलाकडे राहायला गेले, त्याला दीड वर्ष झालं. "मग तू आता हाळी देत नाहीस ना?"

"सवय हाय. सुटते का?"

"आणि ऐकतं कोण?"

मामा पाणी प्यायला. भांडं खाली ठेवलं, तेही आवाज न करता.

"जवाब येतो कवा कवा," तो म्हणाला. "मधून. बांधाच्या मधून येतो. हाय, बोलतो. मी बोलतो, पायऱ्या सांग. मंग गप."

आई आतून ओरडली, "पोरीला काय पन सांगू नको रे भागोजी, आधीच ती तशी हाय." मामाने मला डोळा मारला. मी ठरवलं की तो गंमत करतोय. त्याचा हात मात्र भाकरीच्या तुकड्यावर तसाच थांबला होता.

३

दिवाळीच्या आधी सगळं हिरवं दिसलं पाहिजे, असा सरांचा निरोप आला. हिरवं म्हणजे स्क्रीनवर. चौदा पेट्यांपुढे चौदा ठिपके असतात. लक्ष्मीपूजनाला ते चौलला घरी जाणार, वाडीत पाहुणे येणार, आणि त्यांना एकही फोन नको होता. अमावास्येचं उधाण त्याच दिवशी दुपारी बारा चाळीसला आहे, हे मी दोन वेळा लिहून पाठवलं. दोन्ही वेळा अंगठा आला.

उपाय अवघड नव्हता. लाइन गप्प राहिली की तुटते, तर तिला गप्प राहू द्यायचं नाही. दर दोन मिनिटांनी सर्व्हरने पेटीला विचारायचं, पेटीने उत्तर द्यायचं. मी तसं लिहिलं. उत्तरात पाण्याची त्या वेळची पातळी यायची. मामाच्या पायऱ्याच, दुसरं काय.

"पातळी कशाला?" सर म्हणाले. "दर वेळी मोजायचं म्हणजे बॅटरी खाणार. नुसतं ओके पाठव."

"सर, नुसतं ओके कोणीही पाठवू शकतं."

"कोणीही म्हणजे कोण, कल्पिता?"

काय सांगणार होते, मामा म्हणतो म्हणून? बीएस्सी आयटी केलेली मुलगी मी. पातळी काढून टाकली. त्या रागातच पेटीला शिकवलेला शब्द मी 'ओके' ठेवला नाही, 'हाय' ठेवला. हे मी माझ्या हाताने केलं. बाकी सगळ्यांवर चिडताना एवढं मी विसरत नाही.

चौदा ठिपके हिरवे झाले. सरांनी ग्रुपवर फटाक्यांचं चित्र टाकलं.

मी उत्तरांच्या वेळा बघत बसले. पेट्या मोबाइलच्या नेटवर्कवर बोलतात. खाडीवरचं नेटवर्क ते. कोणाचं उत्तर पाव सेकंदात, कोणाचं अर्ध्या, दर वेळी वेगळं. माणसं जिना चढून आल्यावर जशी वेगवेगळी धापा टाकतात तसं.

नऊचं उत्तर सेकंदाच्या हजाराव्या भागात येत होतं. दर वेळी तेवढंच.

एवढ्या वेळात बेलापूरहून आमच्या खाडीपर्यंत जाऊन परत येता येत नाही. फार तर मधल्यापर्यंत जाता येतं. मी त्या मधल्याची सगळी रचना उघडून ओळ न ओळ वाचली. तिथे उत्तर देणारं काही नव्हतं. लाइनी घ्यायच्या, वाटायच्या, सोडायच्या, एवढंच त्याला येत होतं. 'हाय' हा शब्द त्याला कोणी शिकवलेलाच नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराला मी मामाला फोन केला.

"मामा, पेटीच्या खालची लाल वायर ओढून काढ."

"शॉक बसंल."

"नाय बसत. बॅटरीची आहे. काढ."

खुरखुर ऐकू आली, मग झाकणाचा आवाज. "काडली. दिवा इझला."

मी स्क्रीनकडे बघत होते. नऊ: हाय.

"नक्की काढलीस?"

"हातात हाय माझे."

दोन मिनिटं मी फोन कानाशीच धरून ठेवला. फोनमधून त्याच्याकडचा वारा येत होता, आणि इथे फ्रिजची घरघर. नऊ: हाय. हजाराव्या भागात. ठिपका हिरवा. आणखी दोन मिनिटं. हाय.

मला इतका राग आला की मी मशीनवर हात आपटला. म्हणजे मी वेडी नव्हते. हे घ्या, सगळ्यांनी बघा, पेटी मेली आहे आणि तुमचा हिरवा ठिपका बोलतोय.

"मामा, लाव परत," म्हटलं आणि फोन ठेवून लगेच सरांना लावला. स्क्रीनचे फोटो पाठवले. ते गाडी चालवत होते.

"जुनं उत्तर कुठेतरी साठून राहिलं असेल," ते म्हणाले.

"साठून राहायला तिथे जागाच नाही, सर."

"मग तुझ्या मामाने दुसरी वायर काढली असेल. कल्पिता, ऐक. दिवाळी आहे. फराळ कर. सोमवारी बघू."

"उधाण सोमवारी येणार नाहीये."

"आवाज खाली."

मी आवाज खाली केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी साहेबाशी भांडले, आणि चांगली वीस मिनिटं भांडले. फोन ठेवल्यावर आईने साखरेचं पाणी दिलं.

त्या भांडणात मी मामाला विचारायची राहिले की वायर परत लावली का. आणि स्क्रीनवर बघून ते कळणार नव्हतं. स्क्रीन दोन्ही वेळा सारखीच होती.

५

मला ते लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बारा वाजून पाच मिनिटांनी आठवलं.

मामा अकरालाच डबा घेऊन बांधावर गेला होता. मी खिडकीशी उभी होते. आमच्या खिडकीतून पिवळं झालेलं भात दिसतं, त्यापलीकडे बांधाची काळी रेघ. एरवी त्या रेघेवर नुसतं आभाळ असतं. त्या दिवशी रेघेच्या माथ्याला लागून पाणी चमकत होतं. लख्ख ऊन, वारा पडलेला, कुठेतरी पोरं लवंगी लावत होती. भोंगा गप्प होता.

स्क्रीन म्हणत होती: नऊ, हाय. पाणी खुणेच्या खाली.

मामाला फोन लावला. पूर्ण वाजला. पुन्हा लावला. सहा वेळा. मग सरांना.

"सर, पाणी मला डोळ्यांनी दिसतंय."

"नऊ हिरवा आहे ना?"

"तो खोटं बोलतोय!"

"घाबरू नकोस," सर म्हणाले. मागे भांड्यांचा, बायकांच्या हसण्याचा आवाज. "ठिपका हिरवा आहे म्हणजे कोणीतरी उत्तर देतंय. बरोबर? देतंय ना कोणीतरी?"

मी फोन कापला. त्यांच्या त्या वाक्याने मला जेवढं हलवलं तेवढं बाकी कशानेच नाही.

आई करंज्या तळत होती. हात पिठाचे, फोन चार्जिंगला लावलेला. तो ती घराबाहेर कधी नेतच नाही. "आई, मामा फोन घेत नाही. मी बांधावर जाते. भोंगा हाताने वाजवायला सांग देवळात."

"चावी अध्यक्षाकडं हाय, तो पेणला गेलाय," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून तिने गॅस बंद केला. "तू हो पुढं. मी मानसं घेऊन येतंय."

६

पाऊलवाट बांधाला लहान उघाडीपाशी मिळते. तिथे उभी राहून मी तोंडाला हात लावून हाक मारली. "मामाऽऽ!"

"हाय."

आवाज मामाचा होता. मला फार बरं वाटलं. मग कळलं की आवाज फार जवळून आला. मोठी उघाडी अर्धा मैल लांब होती.

मी चालायला लागले. डाव्या हाताला खाडी, बांधाच्या माथ्याला हातभर कमी. उजव्या हाताला भात, त्या पाण्याहून पुरुषभर खाली. चिंबोऱ्यांच्या बिळांतून पाण्याचे बारीक बुडबुडे. वळणावर तिवरांची सावली आली. तिथे बांधाचा मध्य. कोणी नव्हतं. फक्त गवत एका ठिकाणी बसलेलं होतं, कोणी रोज उकिडवं बसत असावं तसं. मी तिथून पळत गेले. खोटं कशाला बोलू.

वळण ओलांडल्यावर मोठी उघाडी दिसली. मामाच्या चपला, डबा, कोयता. मामा नाही. पेटीचं झाकण उघडं होतं आणि लाल वायर हवेत लोंबत होती.

"मामाऽऽ!"

"हाय."

पाठीमागून. मधून.

"मामा, कुठे आहेस? इकडे ये!"

"हाय."

तोच आवाज, तेवढाच लांब, तेवढाच चढ. मला रडू येत होतं आणि रडायच्या ऐवजी मी शिव्या घातल्या. मामाने ऐकल्या असत्या तर कान धरला असता. मग मी जे विचारायला हवं होतं ते विचारलं.

"पायऱ्या सांग!"

काही नाही. लांबवर एक लवंगी फुटली. मी दचकलेही नाही.

मी वायर खोचली. पेटीत दिवा लागला, लुकलुकायला लागला. ती लाइन शोधत होती. पाच मिनिटं किंवा अर्धा तास.

तेवढ्यात लांब, लहान उघाडीपाशी, आई दिसली. पेटीसाठी बांधलेल्या नव्या चौथऱ्यावर मी चढले होते, तिथून तिवरांवरून तेवढं दिसतं. पिवळं पातळ, मागे चार-पाच माणसं, फावडी. तिने हाक मारली. "कल्पेऽऽ!"

मी तोंड उघडलं.

"हाय," मधून उत्तर गेलं. माझ्या आवाजात.

वळणावर, तिवरांच्या सावलीत, कोणीतरी उकिडवं बसलं होतं. तोंड गावाकडे, दोन्ही हात तोंडाशी. मला पाठ दिसली, तीही एवढीशी. मामाचा सदरा असावा असं वाटलं. मग माझी ओढणी असावी असं वाटलं. मी डोळे पुसले तेव्हा तिथे सावली होती.

आईने हात हलवला, जसा मी घरी पोचल्याचा फोन केल्यावर तिचा चेहरा सैल होतो तसा सैल. माणसांशी ती काहीतरी बोलली. ती माणसं लहान उघाडीच्याच कामाला लागली. इकडे कोणी आलं नाही. इकडे सगळं ठीक होतं. कोणीतरी उत्तर दिलं होतं.

मी ओरडले. घसा फुटेपर्यंत ओरडले. प्रत्येक ओरडण्याला मधून ते 'हाय' पलीकडे गेलं, शांत, पोरगी मजेत असल्यासारखं.

७

आईचा फोन घरी वाजत राहिला. सरांनी माझा कापला.

उघाडीच्या पायऱ्या खाडीत उतरतात. एकूण अकरा, दगडी, शेवाळाने हिरव्या. मी उतरले. दाराच्या झडपेत काहीतरी अडकलं असणार, मामा ते काढायला उतरला असणार, एवढं कळायला बीएस्सी लागत नाही. पाणी गढूळ, दारातून आत ओढत होतं, आणि त्या ओढीला मोठ्या जनावराच्या घोटासारखा आवाज होता. मी पायऱ्या मोजल्या. वरच्या चार कोरड्या. शेवटच्या कोरड्या पायरीवर मामाचा गमछा, पिळून, घडी घालून ठेवलेला. मी त्यावर पाय न देता बाजूला उभी राहिले.

पुन्हा मामाला फोन लावला. वाजत होता. माझ्या कानात वाजत होता, आजूबाजूला कुठेच वाजत नव्हता. वर पेटीचा दिवा लुकलुकत होता. मधून कोणी काही बोललं नाही. बहुतेक तेही ऐकत होतं.

सोळा वेळा वाजला. मग कोणीतरी उचलला.

मी हॅलो म्हटलं नाही. 'मामा' पण म्हटलं नाही. आता मला फसवून घ्यायचं नव्हतं, मेले तरी.

"पायऱ्या सांग," मी म्हटलं.

फोनमध्ये पाण्याचा घोट वाजला. मग उत्तर आलं. आधी माझ्या पायांखालून आलं, दाराच्या आतून, पाण्यातून. आणि पाव सेकंदाने तेच फोनमधून आलं. दमलेला आवाज, धापा टाकणारा.

"सात," मामा म्हणाला. "आठवीवर तू उभी हायस."